'तणमासे' आणि दोन फुटांची काचपेटी

परवा परभणीहून एका मित्राचा फोन आला. "नवीन घरात टीव्हीशेजारी दोन फुटी टँक घेतोय. तू माशांवर पीएचडी करतोस ना? कोणते मासे टाकू सांग."

माझी पीएचडी माशांवर नाही, माशांबद्दल लोकांनी काय लिहून ठेवलंय त्यावर आहे, हे मी त्याला दहादा तरी सांगितलं असेल. तरी म्हटलं, "दुधनेतले टाक." तो हसला. "अरे, ते तर कुणी खात पण नाही नीट. बघायला कोण ठेवतं?"

हा लेख त्या हसण्याचं उत्तर आहे. त्यात टँकचा सल्ला आहेच, पण तो जरा उशिरा येईल. आधी आपल्या नदीतले मासे बघण्याच्या लायकीचे नाहीत, हे आपल्याला कधीपासून आणि का वाटायला लागलं ते बघू.

नावं कुणाची?

दुकानातल्या टँकसमोर उभे राहा. गोल्डफिश चीनमधून आलेला. मॉली आणि प्लॅटी मेक्सिकोकडचे. निऑन टेट्रा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. गप्पी त्रिनिदाद-व्हेनेझुएलाकडचा. परभणी शहरापासून गोदावरी फार लांब नाही. पूर्णा आणि दुधना तर जिल्ह्यातूनच वाहतात. पण त्या काचेत या तिन्हींपैकी एकाही नदीचा मासा सहसा नसतो.

गंमत म्हणजे आपल्या छोट्या माशांची कागदोपत्री नोंद बऱ्यापैकी जुनी आहे. फ्रान्सिस हॅमिल्टन (आधीचा बुकॅनन) याचं गंगेच्या माशांवरचं पुस्तक १८२२ साली आलं. त्याने कितीतरी जातींना बंगालकडची लोकनावंच देऊन टाकली. 'पुंटियस' हे शास्त्रीय नाव बंगाली 'पुँटी'वरून आलं, 'डॅनिओ'चं मूळही तिकडचंच. ज्या झेब्रा माशावर आज जगभरच्या प्रयोगशाळा चालतात, त्याचं 'रेरिओ' हे नावही याच पुस्तकातलं. अमेरिकेत जॉर्ज स्ट्रायसिंगरने १९८१ साली त्याच्यावरचा गाजलेला शोधनिबंध छापला आणि आपल्याकडच्या ओढ्या-नाल्यांतला, भातखाचरांतला हा मासा जनुकशास्त्राचा हिरो झाला.

दख्खनकडे हेच काम विल्यम हेन्री साइक्स या अधिकाऱ्याने केलं. मुंबई सरकारने १८२४ मध्ये त्याला आकडेवारी गोळा करायच्या कामावर नेमलं होतं. पिकं, लोकसंख्या, बाजारभाव यांच्या जोडीने त्याने मासेही टिपले. लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीने त्याचा दख्खनच्या माशांवरचा सविस्तर लेख १८४१ मध्ये छापला. तो पहिल्यांदा वाचताना मी हसलो होतो, कारण लॅटिन नावांच्या रांगेत मध्येच मराठी ऐकू येतं: मुल्या, खुद्री, मूरे, अलकूटी, कुरपा. भीमेच्या काठावरच्या मासेमारांना साहेबाने विचारलं असणार, "याला काय म्हणता?" आणि उत्तर आलं ते त्याने इंग्रजी स्पेलिंगमध्ये जमेल तसं उतरवलं. दगडाला चिकटून राहणारा आपला मळ्या आजही जगभर 'गारा मुल्या' म्हणून ओळखला जातो.

साइक्सने वर्णन केलेल्या जातींचे मूळ नमुने आज अभ्यासकांना मिळत नाहीत. राहिली आहेत ती वर्णनं, काही चित्रं आणि ही नावं. म्हणजे नाव सांगणारे ते मासेमार विज्ञानाचे साक्षीदार आहेत. त्यांची स्वतःची नावं मात्र साइक्सच्या यादीत नाहीत.

निजामाच्या हद्दीत

साइक्सचं काम झालं इंग्रजी मुलखात. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती. त्यामुळे आपल्या बाजूच्या गोदावरीचं चित्र शोधायचं तर हैदराबादकडे वळावं लागतं. १९४० च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जर्नलमध्ये 'हैदराबाद संस्थानाचं मत्स्य सर्वेक्षण' अशा मथळ्याचे लेख येत गेले. लेखक रहीमुल्ला आणि महमूद. त्यातला एक भाग निजामाबाद जिल्ह्याचा आहे, म्हणजे परभणी-नांदेड ओलांडून पुढे गेलेल्या गोदावरीचा.

थोडं आणखी मागे जायचं तर बाराव्या शतकातला 'मानसोल्लास' आहे, कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराचा ग्रंथ. त्यात 'मत्स्यविनोद' नावाचं आख्खं प्रकरण आहे आणि सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये त्यावर लेख लिहिला. तो विनोद अर्थातच गळ टाकून मासे पकडण्याचा आहे. राजाची नजर गळाला काय लागतं यावर. पण माशांचे प्रकार, त्यांच्या राहायच्या जागा, कुणाला कोणतं आमिष चालतं, हे सगळं त्यात आहे. मासा ही निरखून बघायची गोष्ट आहे, हे या मुलखाला परक्या कुणी शिकवलेलं नाही.

मासा 'तण' कधी झाला?

मग काय बिघडलं? माझ्या मते उत्तर स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही दशकांत आहे, आणि त्यात कुणी खलनायक नाही.

पूर्णेवर येलदरी-सिद्धेश्वर, गोदावरीवर पैठणला जायकवाडी अशी मोठी धरणं १९६०-७० च्या दशकांत उभी राहिली. एवढं पाणी साठल्यावर त्यात मासे वाढवायचे ठरलं. देशात धान्याची टंचाई होती, प्रथिनांचीही. त्याआधी १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधुरी यांनी संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन कार्प माशांचं प्रजनन घडवून आणलं होतं. कटला, रोहू, मृगळ यांचं बीज नदीतून गोळा करत बसायची गरज उरली नाही, ते केंद्रात तयार करता येऊ लागलं. मराठवाड्यात आपण गोदावरीला 'गंगा'च म्हणतो (गंगाखेड हे नाव त्यातूनच). त्या आपल्या गंगेच्या खोऱ्यात उत्तरेतल्या गंगेचे मासे असे वस्तीला आले.

मत्स्यशेतीची पुस्तिका उघडली की एक शब्द हमखास भेटतो: 'तणमासे'. खवली, डांडवण, काचमासा असे बोटभर लांबीचे सगळे मासे या एका शब्दात कोंबलेले. ते कार्पच्या पिलांचं खाद्य खातात, ऑक्सिजन वापरतात, म्हणून बीज सोडायच्या आधी तळ्यातून काढून टाका, असा सल्ला. उपायही ठरलेला: मोहाची पेंड. तिच्यातल्या सॅपोनिनमुळे माशांच्या तांबड्या पेशी फुटतात.

तळ्यापुरता हा सल्ला चुकीचा म्हणता येणार नाही. ज्याचं पोट रोहूवर आहे त्याने काय करावं? अडचण अशी की शब्द तळ्यात थांबला नाही. शेतात तण, तसा नदीत तणमासा! ज्याचा भाव नाही त्याला नावही लागत नाही. दुधनेच्या काठी एका वयस्कर भोई मामांनी मला टोपलीतल्या मूठभर माशांतून पाच वेगळी नावं सांगितली. शेजारी त्यांचा नातू बसला होता, त्याला विचारलं तर म्हणाला, "चिल्लर हाय सगळी." मामा काही बोलले नाहीत, जाळं झटकत राहिले. दोन पिढ्यांत पाच शब्दांचा एक झाला होता. साइक्स आज आला असता तर त्याच्या वहीत काय गेलं असतं, असं तेव्हा वाटून गेलं.

आणि गप्पी?

याच काळात उलट दिशेने एक पाहुणा घरोघरी पोचला. त्रिनिदादहून रॉबर्ट जॉन लेचमियर गप्पी यांनी १८६६ मध्ये काही मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवले, म्हणून माशाला त्यांचं नाव पडलं. तो भारतात १९०८ मध्ये आला आणि त्याचा भाऊबंद गॅम्बुशिया १९२८ मध्ये, दोघंही डासांच्या अळ्या खाण्याच्या कामासाठी. आजही आरोग्य कर्मचारी हौदात, डबक्यात 'गप्पी मासे' सोडतात आणि आपल्याला ते नाव गप्पा मारणाऱ्यासारखं घरचंच वाटतं.

म्हणजे बघा, गप्पीला सरकारी नोकरी मिळाली आणि खवलीला हद्दपारीची नोटीस. खरं तर आपले बरेच छोटे मासेही अळ्या खातात.

तर मित्रा, टँकमध्ये काय टाकायचं?

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच पेटीत वाळू-दगड धरून ४५ लिटरच्या आसपास पाणी मावतं. गोदावरीच्या खोऱ्यातल्या माशांतून या मापाला कोण बसतं ते सांगतो.

*टिक्टो खवली.* पहिली निवड हीच. सहसा दोन-अडीच इंचांच्या आत राहते, अंगावर दोन काळे ठिपके, उन्हात चांदीसारखी चमकते. कळपाचा मासा आहे, त्यामुळे सहा-आठ एकत्र ठेवा. एकटा ठेवलात तर कोपऱ्यात दडून बसेल.

*डांडवण.* शास्त्रीय नाव रासबोरा डॅनिकोनियस. सडपातळ, कडेने एक काळी रेघ. टिक्टोऐवजी हिचे पाच-सहा चालतील. थोडी मोठी होते आणि उडी मारते. झाकण हवंच.

*मुरी.* तळाशी वाळूत घुसणारा, मिशा असलेला छोटा मासा. दोन-तीन पुरेत. वाळू बारीक हवी, टोकदार खडीने मिशा खरचटतात.

*काचमासा.* आरपार दिसणारा, आतला काटाही मोजता येतो. पण एक जात (चंदा नामा) दुसऱ्या माशांचे खवले ओरबाडून खाते, तिला बाकीच्यांत सोडू नका. हिच्या नात्यातल्या काचमाशांना सुईने रंग टोचून 'रंगीत' म्हणून विकायचा धंदाही जगात चालला. तसला मासा कुठे दिसला तर घेऊ नका.

*डोकऱ्या.* मरळच्या कुळातला सर्वात छोट्यांपैकी एक. हवेतून श्वास घेतो, नर पिल्लं तोंडात सांभाळतो. सुंदर आहे, पण छोटे मासे गिळतो. ठेवायचा तर एकटा, घट्ट झाकणाखाली, आणि शक्यतो मोठ्या पेटीत.

आता कोण नको? शिंगटा नको, रात्रीत शेजारी संपवतो. मळ्या नको, त्याला वाहतं पाणी लागतं. आणि 'छोटे छोटे आहेत' म्हणून कटला-रोहूची पिल्लं आणू नका. कटला मीटरभर वाढू शकतो, तुमचा टीव्ही तेवढा नसेल.

माझी पहिली पेटी

हे सगळं शहाणपण पुस्तकातलं नाही. मी पहिल्यांदा ओढ्यातून आणलेले सात मासे त्याच संध्याकाळी नळाच्या ताज्या पाण्यात सोडले. सकाळी सातही वर तरंगत होते. क्लोरीन! जुन्या लेखांतले 'मृत नमुने' वाचताना कधी काही वाटलं नव्हतं. त्या सकाळी वाटलं.

दुसऱ्या खेपेला पाणी दिवसभर उघडं ठेवलं, पण फिल्टर मुरू दिला नाही. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. त्याचं आधी नायट्राइट, मग बरंचसं निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये वस्तीला यायला तीन ते सहा आठवडे लागतात. पेटी भरा, फिल्टर लावा आणि सुरुवातीला दोनच मासे सोडा. दर आठवड्याला पाव भाग पाणी बदला.

आपल्याकडे आणखी एक परीक्षा असते, हवेची. परभणीत थंडीत पारा एक आकडी होतो आणि मे महिन्यात चाळिशी ओलांडतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरला ९ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन विरघळतो, ३५ अंशांना साधारण ७. त्यात लाइट गेली की एअर पंप बंद. परदेशी उष्ण पाण्यातल्या कित्येक माशांना थंडीत हीटर लागतो. खवलीच्या पूर्वजांनी मात्र हेच उन्हाळे-हिवाळे डोहात काढलेत. तरी पेटी खिडकीच्या उन्हात ठेवू नका आणि बॅटरीचा एक छोटा पंप जवळ असू द्या.

एक अट

स्थानिक मासे ठेवा म्हणजे नदी उपसा असं नाही. पावसाळ्याच्या तोंडाला मासे अंडी घालायला ओढ्यांत चढतात, त्या चढणीच्या माशांना हात लावू नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये आटत चाललेली डबकी बघा. तिथले मासे तसेही बगळ्याच्या नाहीतर उन्हाच्या तोंडी जाणार असतात. तलाव असेल तर तिथल्या मच्छीमार संस्थेला आधी विचारा. मोठ्या डोहातलं काही काढू नका, पुढच्या वर्षीचं बियाणं तिथेच असतं.

आणि टँकमधला मासा नदीत परत सोडायचा नाही, देशी असला तरी. दुकानातल्या माशांबरोबर राहिलेला मासा रोग घेऊन जाऊ शकतो. काच साफ करायला म्हणून विकला जाणारा सकर मासा असाच कुणीतरी 'दया येऊन' सोडला, आणि आज तो महाराष्ट्रातल्या जलाशयांतही मासेमारांची जाळी फाडतोय. हौस संपली तर मासे दुसऱ्या हौशी माणसाला द्या.

मित्राने शेवटी आठ टिक्टो आणि दोन मुऱ्या ठेवल्या. परवा त्याच्या मुलीने फोन हिसकावून घेतला आणि विचारलं, "काका, ह्या ठिपकेवालीचं नाव काय?" मी 'खवली' म्हणालो, आणि लगेच वाटलं की पूर्णेकाठी कदाचित वेगळं म्हणत असतील, गंगाखेडला आणखी वेगळं. तुमच्या घरी, गावात असं नाव माहीत असलेलं कुणी म्हातारं माणूस असेल तर एकदा त्यांच्यासमोर टोपली ठेवून विचारा. नाव, गाव आणि तारीख, तिन्ही वहीत लिहून ठेवा. सांगणाऱ्याचं नाव सगळ्यात आधी लिहा. साइक्सच्या यादीत तेवढंच राहून गेलंय.