कारवीची कुळकथा

सह्याद्रीच्या उतारांवर दाट जाळीने वाढणारी कारवी हे एकदाच फुलून वठणारे झुडूप आहे. ते सात वर्षे केवळ पाने व खोड वाढवते आणि आठव्या वर्षी परिसरातील बहुतेक झुडपांसह एकाच हंगामात बहरते. साहजिकच ते ओळखण्याची कसोटी फुलांच्या आधी पाने व खोड यांतच शोधावी लागते, आणि या वनस्पतीच्या शास्त्रीय नावाचा इतिहासही हेच दाखवतो.

ज्या प्रजातीत कारवीची गणना होते, ती स्ट्रोबिलँथिस ही प्रजाती कार्ल ब्लूम यांनी 1826 मध्ये जावा बेटावरील वनस्पतींच्या अभ्यासातून मांडली. शंकूसारख्या फुलोऱ्याची वनस्पती, असा त्या ग्रीक नावाचा अर्थ आहे. पुढे 1832 मध्ये जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ नीस फॉन एसेनबेक यांनी कारवीचे वर्णन केले व तिच्या जातीला ‘कॅलोसा’, म्हणजे घट्टे पडलेली, असे लॅटिन विशेषण दिले.

कारवी अडुळशाच्या कुलातील असल्यामुळे तिची पाने समोरासमोर जोडीने येतात. ती लांबट, दोन्ही टोकांकडे निमुळती, स्पष्ट देठाची व दातेरी कडेची असून त्यांच्या दोन्ही बाजूंना निघणाऱ्या समांतर शिरा ठळक दिसतात. पानाचा पृष्ठभाग हाताला खरखरीत लागतो. या कुलातील अनेक वनस्पतींच्या पानांत सिस्टोलिथ, म्हणजे पेशींमध्ये साठलेले कॅल्शियम कार्बोनेटाचे कण, असतात आणि भिंगातून ते बारीक पांढुरक्या रेघांसारखे दिसतात. खोडावर घट्ट्यांसारखे बारीक उंचवटे असतात; ‘कॅलोसा’ हे विशेषण त्यांना साजेसे आहे. बहराच्या वर्षी पावसाळ्याच्या उत्तरार्धात कणिशे येतात. कणिश म्हणजे एका दांड्यावर बिनदेठाची फुले दाटीने लागलेला फुलोरा. त्यातील प्रत्येक निळसर जांभळ्या फुलाखाली छद, म्हणजे पानासारखे आवरण, असते आणि हा फुलोरा केसाळ व चिकट असतो. फळे झुडपावरच वाळतात व पुढच्या पावसाचा ओलावा मिळताच आवाज करून फुटतात, त्यामुळे बी दूरवर उडते.

कास पठारावरील टोपली कारवी ही तिची जवळची नातेवाईक असली तरी ती बुटकी, टोपलीसारख्या गोल आकारात वाढणारी आणि बिनदेठाच्या पानांची आहे. खरी कारवी माणसाहून उंच होते व तिच्या सरळ काठ्यांचे कूड शेणमातीने लिंपून कोकणात व मावळात घरांच्या भिंती उभ्या राहिल्या.

1944 मध्ये डच शास्त्रज्ञ ब्रेमेकॅम्प यांनी परागकणांच्या रचनेसारख्या लक्षणांवर भर देऊन स्ट्रोबिलँथिसचे अनेक लहान प्रजातींत विभाजन केले आणि कारवीसाठी तिच्या मराठी नावावरूनच ‘कार्व्हिया’ ही स्वतंत्र प्रजाती निर्माण केली. अलीकडच्या अभ्यासकांनी या लहान प्रजाती पुन्हा मूळ प्रजातीत सामावून घेतल्या असून सध्या स्ट्रोबिलँथिस कॅलोसा हेच नाव सर्वसाधारणपणे मान्य आहे. प्रजातीच्या सीमा अशा बदलत राहिल्या, पण नीस यांनी दिलेले जातीचे विशेषण दोन्ही नावांत टिकले.

मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कारवी 2008, 2016 व 2024 मध्ये बहरली असून या क्रमाने पुढचा बहर 2032 मध्ये अपेक्षित आहे. तोवर तिथे तिची ओळख पटवू पाहणाऱ्याने फुलांची वाट न पाहता पानांची जोडी, देठ, खरखरीतपणा व खोडावरील उंचवटे एकत्र तपासावेत.