कोरोमंडलच्या अंगणातील देशी झाडे : निवड, लागवड आणि निगा

चेन्नई : रोपे लावण्याचा काळ म्हटला की महाराष्ट्रातील माणसाला जून-जुलै आठवतो. देशाच्या आग्नेय किनाऱ्यावर मात्र हा हिशेब चालत नाही. चेन्नई, पुदुच्चेरी, कडलूर, नागपट्टिणम या पट्ट्यात मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. चेन्नईत वर्षाकाठी सरासरी १,४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातील निम्म्याहून अधिक याच काळात पडतो. जूनमध्ये येथे पारा अनेकदा चाळिशीजवळ असतो. जून ते सप्टेंबर या काळात संध्याकाळच्या सरी येतात. परंतु त्यांच्या भरवशावर कोवळे रोप जगेलच असे नाही.

या हवामानाशी शतकानुशतके जुळवून घेतलेली झाडे निवडणे हाच येथील घरबागेसाठी शहाणपणाचा मार्ग आहे. २०१९ च्या उन्हाळ्यात चेन्नईला पाणी पुरवणारे पूंडी, चोळावरम, रेड हिल्स आणि चेंबरम्बाक्कम हे चारही जलाशय जवळजवळ कोरडे पडले होते. टँकरच्या पाण्यावर घर चालवताना हिरवळीला रोज पाणी देणे परवडणारे नव्हते. याच शहराने १२ डिसेंबर २०१६ रोजी ‘वरदा’ चक्रीवादळात हजारो वृक्ष एका दिवसात गमावले. पडलेल्यांत गुलमोहर, सोनमोहर यांसारखी झपाट्याने वाढणारी झाडे ठळकपणे दिसली. दुष्काळ आणि वादळ या दोन्ही कसोट्यांना उतरणारे झाड येथे हवे.

मूळ वन कोणते?

या किनारपट्टीचे नैसर्गिक वन ‘उष्णकटिबंधीय शुष्क सदाहरित’ प्रकारचे आहे. वर्षातील सहा-सात महिने कोरडे असूनही त्यातील बहुतेक झाडे पाने राखतात. झाडे फार उंच नसतात. पाने लहान, जाड व चिवट असतात आणि वाढ संथ असते. शेती, सरपण आणि वस्ती यांमुळे हे वन तुकड्या-तुकड्यांत उरले. गावोगावच्या देवरायांनी, म्हणजे तमिळमधील ‘कोविल काडु’ यांनी, त्याचा काही अंश जपला. पुदुच्चेरीजवळील ऑरोव्हिलमध्ये उजाड झालेल्या लाल मातीच्या पठारावर गेल्या अर्धशतकात या वनाची पुनर्लागवड झाली असून तेथील वनस्पती उद्यानात या जाती एकत्र पाहता येतात. चेन्नईत गिंडी राष्ट्रीय उद्यानातही या वनाचे स्वरूप दिसते.

‘पारंपरिक’ आणि ‘देशी’ या शब्दांत मात्र गल्लत होऊ नये. देवळापुढचा पांढरा चाफा आणि हारातला झेंडू मूळचे अमेरिका खंडातील, बोगनवेल दक्षिण अमेरिकेतील, तर गुलमोहर मादागास्करचा आहे. ही झाडे उपटून टाकण्याचे कारण नाही. नवी लागवड करताना मात्र स्थानिक जातींना प्राधान्य द्यावे.

ओळखीची झाडे, वेगळी नावे

मराठी वाचकाला दिलासा देणारी बाब म्हणजे यातील अनेक झाडे कोकणात व देशावरही आढळतात. रोपवाटिकेत मात्र तमिळ नाव सांगावे लागते. व्यंकोजीराजांच्या काळापासून तंजावर परिसरात रुजलेल्या मराठी कुटुंबांना ही दुहेरी नावे नवी नाहीत. नव्याने आलेल्यांनी ती टिपून ठेवावीत.

मोठ्या आवारासाठी : उंडी (पुन्नै) समुद्राची खारी हवा सहज सोसते, मैलापूरच्या कपालीश्वर मंदिराचा हा स्थलवृक्ष आहे. करंज (पुंगम) लवकर सावली देतो, मधमाश्यांना मध देतो आणि शेंगवर्गीय असल्याने मातीतील नत्रही वाढवतो. जांभूळ (नावल) ओलाव्याच्या जागी उत्तम. मात्र फळांचे डाग पडत असल्याने ते वाहनतळावर लावू नये.

मध्यम आवारासाठी : बकुळ (मगिळम) संथ वाढते, पण दाट सावली व सुगंध देते. रांजण (पालै) अत्यंत काटक असून त्याची गोड पिवळी फळे पक्षी आवडीने खातात. भेंड किंवा पारसपिंपळ (पूवरसु) वाळूत व मचूळ पाण्यावरही तग धरतो.

लहान अंगणासाठी : काळा कुडा (वेप्पालै) पांढऱ्या सुगंधी फुलांसाठी, अंजनी (काया) निळ्या-जांभळ्या फुलांसाठी लावावी. माकडलिंबू (काट्टु एलुमिच्चै) काटेरी, सदाहरित आणि कुंपणालाही योग्य आहे. निर्गुडी (नोच्चि) व अडुळसा (आडातोडै) यांची छाटणी करून जिवंत कुंपण होते. कढीपत्ता (करुवेप्पिलै) स्वयंपाकघराची गरज भागवतो; शिवाय त्यावर ‘कॉमन मॉरमॉन’ फुलपाखरे अंडी घालतात.

तमिळनाडूचे राज्यपुष्प असलेली कळलावी (सेंगांदळ) देखणी वेल आहे; तथापि तिचे सर्व भाग, विशेषतः कंद, विषारी आहेत. घरात लहान मुले किंवा पाळीव प्राणी असल्यास ती टाळावी.

काय टाळावे?

घाणेरी आणि विलायती बाभूळ (सीमै करुवेलम) या बाहेरून आलेल्या जातींनी राज्यातील मोठे क्षेत्र व्यापले आहे. अंगणात त्यांचे रोप उगवल्यास मुळासकट काढावे. झटपट हिरवी भिंत म्हणून विकला जाणारा कोनोकार्पसही नको. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे. जंगलातून किंवा देवराईतून रोपे उपटून आणू नयेत.

लागवड

सप्टेंबरमध्ये खड्डे तयार ठेवून ऑक्टोबरच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर रोप लावावे. यामुळे मुळांना उन्हाळ्यापूर्वी चार-पाच महिने मिळतात. वृक्षासाठी साधारण दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा पुरेसा होतो. निघालेल्या मातीतच चांगले कुजलेले शेणखत किंवा पालापाचोळ्याचे खत मिसळावे. रासायनिक खताची गरज नसते.

माती पाहून पद्धत बदलावी. किनाऱ्याच्या वाळूत पाणी टिकत नाही, म्हणून सेंद्रिय खताचे प्रमाण वाढवावे. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील चिकण मातीत पावसाळ्यात पाणी साचते. तेथे रोप सपाटीपेक्षा थोडे उंच, मातीच्या उंचवट्यावर लावावे. समुद्राजवळ बोअरवेलचे पाणी खारट असल्यास उंडी, पारसपिंपळ, करंज यांनाच पसंती द्यावी.

फार मोठे रोप घेण्याचा मोह टाळावा. पिशवीत वर्षानुवर्षे राहिलेल्या रोपाची मुळे गोल गुंडाळलेली असतात आणि असे झाड पुढे वाऱ्यात टिकत नाही. दोन-तीन फुटांचे, सरळ मुळांचे रोप अधिक विश्वासार्ह ठरते. बियांपासून रोपे करायची असल्यास जांभळाचे बी ताजेच पेरावे. ते लवकर निर्जीव होते. उंडीच्या बीचे कठीण कवच फोडल्यास उगवण लवकर होते.

पहिली तीन वर्षे

देशी झाड म्हणजे निगा नकोच, हा समज चुकीचा आहे. पहिले दोन उन्हाळे निर्णायक असतात. फेब्रुवारीपासून आठवड्यातून एक-दोन वेळा, मातीत खोल मुरेल इतके पाणी द्यावे. रोज थोडे पाणी दिल्यास मुळे वरच्या थरातच राहतात. मे महिन्यातील ‘कत्तिरी’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या कडक उन्हाच्या काळात नारळाच्या झावळ्यांची सावली करावी. बुंध्याभोवती तीन-चार इंच पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे. मात्र ते खोडाला चिकटू देऊ नये. तिसऱ्या वर्षापासून पाणी हळूहळू कमी करता येते.

वादळापूर्वीची तयारी सप्टेंबरमध्येच करावी. वाळलेल्या व एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढाव्यात. पण शेंडा छाटून झाड बोडके करू नये. कोवळ्या रोपाला आधाराची काठी सैल बांधावी, म्हणजे खोड हलून बळकट होते. बुंध्यापर्यंत फरशी किंवा काँक्रीट घातल्यास मुळांचा श्वास कोंडतो आणि आधारही कमी होतो. किमान एक मीटर भोवतीची माती मोकळी ठेवावी.

कढीपत्त्याची किंवा लिंबाची पाने सुरवंटांनी खाल्ली तर लगेच फवारणी करू नये. झाड पुन्हा पालवते आणि सुरवंटांची फुलपाखरे होतात. करंजाच्या पानांवर येणाऱ्या गाठीही बहुधा केवळ दिसण्यापुरत्या असतात.

‘गाजा’ चक्रीवादळाने नोव्हेंबर २०१८ मध्ये तंजावर, तिरुवारूर, नागपट्टिणम भागांत नारळाच्या बागा भुईसपाट केल्या. कोणतेही झाड वादळापासून पूर्णतः सुरक्षित नसते. तरीही एकाच जातीची रांग लावण्याऐवजी उंच, मध्यम व झुडुपी जाती मिसळून लावल्यास वाऱ्याचा जोर विभागला जातो आणि एखादे झाड पडले तरी अंगण उघडे पडत नाही. अगदी लहान आवारातही एक बकुळ, कुंपणाला निर्गुडी आणि स्वयंपाकघरामागे कढीपत्ता, एवढ्यावर ही सुरुवात होऊ शकते.