अटकेच्या अलीकडे

"एग्झिट चुकली, मॅडम." टॅक्सीवाला ओशाळला. सिलिकॉन ओएसिस मागे पडलं होतं. शेख मोहम्मद बिन झायेद रस्त्यावर एक वळण हुकलं की थेट ग्लोबल व्हिलेजपर्यंत जाऊन वळावं लागतं. वेळ होता, म्हणून गाव विचारलं.

"अटक. किल्ल्याच्या जवळच."

मी सावरून बसले. शाळेपासून अटकेपार झेंडे लावत आले. इथल्या गणेशोत्सवात कुणाचं पोरगं परीक्षेत पहिलं आलं, तरी सूत्रसंचालक त्याला अटकेपार नेतो. पण तिथे माणसं राहतात, तिथून कुणी दुबईत पोटापाण्यासाठी येतं, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

किल्ला अकबराने बांधला, १५८०च्या दशकात, सिंधूच्या अलीकडच्या काठावर. एप्रिल १७५८ मध्ये राघोबादादा लाहोरात शिरले आणि मराठी तुकड्या अटकेला पोचल्या. ४ मेला दादांनी लाहोराहून नानासाहेब पेशव्यांना पत्र धाडलं, त्यात कंदाहारपर्यंतचा मनसुबा आहे. मग पंजाब वर्षाला ७५ लाखांच्या बोलीवर तिथल्या अदीना बेग या सरदाराच्या हवाली करून ते परत फिरले. सप्टेंबरात अदीना बेग मेला. बोली कागदावर राहिली.

मी पॉवर सप्लायची बोर्डं तपासते. ३.३ व्होल्ट हवे असतात. स्विच दाबला की ऑसिलोस्कोपवरची रेघ उसळते, ३.७ला टेकते, खाली बुडते, पुन्हा वर येते, मग कुठे थाऱ्यावर बसते. आम्ही याला ओव्हरशूट म्हणतो. ती पहिली उसळी एखादी चिप जाळायला पुरते. कारण बहुधा एकच: निकाल काय झाला हे यंत्रणेला उशिरा कळतं, तोवर ती ढकलतच राहते. मराठ्यांचंही तसंच झालं. पुणे ते अटक सरळ रेषेतही सुमारे १७०० किलोमीटर. कंदाहार तिथून सातशेही नाही. पंजाबात काय चाललंय हे पुण्याला कळायला आठवडे लागत, अफगाणांचा अब्दाली मात्र उंबऱ्यावर बसलेला.

मुळात उत्तरेच्या मोहिमेतून पेशव्यांचं कर्ज फिटायचं होतं. दादा परतले ते सुमारे ८० लाखांचं नवं कर्ज घेऊन, आणि हिशेबावरून सदाशिवरावभाऊंशी त्यांचा खटका उडाला. भाऊंचं मला पटतं. झेंड्याची गोष्ट सगळे सांगतात, या हिशेबाच्या वहीची कुणी सांगत नाही. पुढे १७५९ मध्ये अब्दालीच्या फौजांनी साबाजी शिंद्यांना पंजाबातून मागे रेटलं, १० जानेवारी १७६० ला बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले, आणि वर्षभराने, १४ जानेवारी १७६१ ला, पानिपत.

त्याला मी एवढंच सांगितलं, की आमच्याकडे तुमच्या गावाच्या नावाचा वाक्प्रचार आहे. अर्थ काय, त्याने विचारलं. खूप पुढे जाणं, मी म्हणाले.

"मग तिथून पुढे कुठे गेले?"

"परत आले."

तो मोठ्याने हसला. इमारतीखाली गाडी थांबली तेव्हा मीटरवर ४८ दिरहम होते. चाळीसच घेतले त्याने. चूक त्याची होती, म्हणाला.