पौषातला रविवार आणि बोरिवलीचं रान

गिरणगावातल्या माणसाला परवडेल असं जंगल मुंबईत शिल्लक राहिलं, ते कुणी त्याच्या करमणुकीसाठी राखलं म्हणून नव्हे. शहराला प्यायला पाणी हवं होतं म्हणून ते राहिलं. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचा विषय निघाला की लोक बिबट्याबद्दल बोलतात, कान्हेरीच्या लेण्यांबद्दल बोलतात, हल्ली अतिक्रमणांबद्दलही बोलतात. नळाचं नाव कुणी काढत नाही. महापालिकेच्या शाळेत इतिहास-भूगोल शिकवण्यात माझी नोकरी गेली, म्हणून असेल कदाचित, पण मला हे खटकतं.

तसं कान्हेरीला बघे फार पूर्वीपासून येत होते. साष्टी पोर्तुगिजांच्या ताब्यात असताना, १६७५ च्या सुमाराला, जॉन फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर लेणी पाहून गेला आणि त्यानं त्यावर लिहिलं. १७३७-३९ च्या दरम्यान साष्टी मराठ्यांकडे आली, पुढे इंग्रजांकडे गेली. १८२५ मध्ये बिशप हेबर कान्हेरीला आले. ही सगळी बडी मंडळी. मुंबईहून इथवर यायचं म्हणजे वाहन, हमाल, आचारी आणि मुक्कामाची सोय, एवढा लवाजमा हवा. परळ-लालबागच्या माणसाच्या आवाक्यातली ही गोष्टच नव्हती.

मग पाण्याचं संकट आलं. १८५४ साली पावसानं दगा दिला आणि मुंबईतल्या विहिरी-तलावांनी तळ गाठला. हेन्री कॉनिबेअर या इंजिनिअरनं मिठी नदीच्या उगमाकडच्या खोऱ्यात बंधारे घालायची योजना मांडली. १८५६ मध्ये काम सुरू झालं आणि १८६० मध्ये विहार तलाव पुरा झाला. नळानं पाणी यायला लागलं ते तेव्हापासून. तेही पुरेना, म्हणून १८७९ मध्ये वरच्या अंगाला तुळशी तलाव झाला. आता तलाव बांधला की भोवतालच्या डोंगरउतारावरचं पाणी स्वच्छ राहायला हवं. तिथे वस्ती वाढू द्यायची नाही, शेती नाही, गोठे नाहीत, झाडं तोडायची नाहीत. सरकारी कागदावर याला पाणलोट क्षेत्र म्हणतात. आमच्या भाषेत सांगायचं तर घाण करायची नाही, एवढंच. त्या एका नियमानं मुंबईच्या अंगाला लागून असलेलं रान वाचवलं. १८९२ मध्ये तानसाचं पाणी आलं, पुढे वैतरणाचं आलं. आज विहार आणि तुळशी मिळून शहराच्या पाण्यातला वाटा तीन टक्क्यांच्याही आत आहे. पण रान तोवर रान म्हणून टिकून गेलं होतं.

दुसरं श्रेय लोकलचं. १८६७ साली विरारहून बॅकबेपर्यंत पहिली गाडी सुरू झाली, तेव्हा ‘बोरेवला’ हे तिच्या वाटेवरचं एक ठाणं होतं. पण दिवसाला एक गाडी जाणार, एक येणार, त्यात कुठली सहल? १९२८ च्या जानेवारीत कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी धावली आणि चित्र पालटलं. सकाळी निघून संध्याकाळी दिवेलागणीला घरी, हे जमायला लागलं. त्यात विजेची गाडी नेमकी बोरिवलीपर्यंतच होती. विजेच्या तारा गोरेगावला संपल्या असत्या तर माझं बालपण वेगळं झालं असतं.

मुंबई सरकारनं राष्ट्रीय उद्यानाचा कायदा केला १९५० साली. तेव्हाचं ‘कृष्णगिरी उपवन’ जेमतेम वीस चौरस किलोमीटरचं. १९६९ नंतर त्याला तलावांभोवतालचं रान आणि इतर तुकडे जोडत जोडत आज ते शंभर चौरस किलोमीटरच्या थोडं वर गेलं आहे. वडील अखेरपर्यंत ‘नॅशनल पार्क’ म्हणत, आई ‘कान्हेरी’ म्हणे. संजय गांधींचं नाव पुढे लागलं, ते आमच्या घरात कुणाच्या तोंडी बसलं नाही.

आम्ही परळच्या चाळीत राहायचो. वडील गिरणीत साचेवाले, मूळ अलिबागकडचे. आता कोकणातल्या गिरणी कामगाराच्या वर्षाचा हिशेब बघा. गणपतीला गावी, शिमग्याला गावी, मे महिन्यात पोरांना घेऊन गावी. रजा तिथे संपायच्या आणि पैसेही. पावसाळ्यात घराबाहेर पडायचं म्हणजे गिरणीत नाहीतर बाजारात. मार्गशीर्षात लग्नांची गर्दी, दर रविवारी कुणाच्या ना कुणाच्या मांडवात हजेरी आणि वर आहेराचा खर्च. उरायचा तो पौष. पौषात लग्नं नाहीत, मुंज नाही, नवी खरेदी नाही. लोक त्याला भाकड महिना म्हणतात. आमच्या घरी मात्र त्याची वाट पाहिली जायची, कारण पौषातला रविवार मोकळा आणि वडिलांच्या खिशात गाडीभाड्यापुरते पैसे शिल्लक. हिवाळी सहलीची प्रथा थंडीमुळे पडली असं वाटत असेल तर ते अर्धंच खरं. उरलेलं अर्धं पंचांगानं केलं.

शनिवारी रात्रपाळी असली की वडील पहाटे गिरणीतून सुटायचे आणि घरी न येता थेट एल्फिन्स्टन रोड स्टेशनवर उभे राहायचे. केसांत, भुवयांत, कानाच्या पाळीमागे कापसाचं तूस. आई आम्हाला आणि डबे घेऊन यायची. थर्ड क्लासच्या लाकडी बाकावर बसल्या बसल्या वडील झोपी जायचे ते बोरिवलीपर्यंत. गाडी आमच्यासाठी उलटी रिकामी असायची, गर्दी सगळी शहराकडे. माझ्या आठवणीत मुंबईची लोकल ही बसायला जागा मिळणारी गोष्ट आहे, हे आजच्या पोरांना पटत नाही.

डब्यात काय असायचं ते सांगते, कारण सहलीचा खरा खर्च तिथे वाचायचा. पहाटे चारला उठून आई रॉकेलच्या स्टोव्हवर दशम्या भाजायची. पाण्याऐवजी दुधात पीठ मळलं की त्या संध्याकाळपर्यंत मऊ राहतात. गूळ घातलेल्या थोड्या आणि साध्या जास्त. बटाट्याची सुकी भाजी, सुक्या खोबऱ्याची लसूण घातलेली चटणी, आणि मुरलेल्या लिंबाच्या लोणच्याची फोड केळीच्या पानाच्या तुकड्यात गुंडाळलेली. डबा पितळी, चार ताळी. पाण्याला फिरकीचा तांब्या. त्या तांब्याची फिरकी एका बाजूनं झिजली होती, म्हणून आई झाकणाखाली जुन्या धोतराची चिंधी घालून ते आवळायची. तरी तो पाझरायचाच आणि ज्याच्या मांडीवर असेल त्याची चड्डी ओली व्हायची. तांब्या धरायची पाळी कुणाची यावरून भांडणं ठरलेली.

वडिलांची हौस वेगळी होती. त्यांच्या गावाकडे हे दिवस पोपटीचे. शेतात वालाच्या शेंगा भरलेल्या असतात. मडक्यात तळाशी भांबुर्ड्याचा पाला घालायचा, वर शेंगा, बटाटे, कांदे, जमलंच तर अंडी किंवा मसाला लावलेली कोंबडी, मीठ, पुन्हा पाला. मडकं तोंडाबरोबर दाबून भरायचं, जमिनीवर पालथं घालायचं आणि भोवती गवत-पेंढा रचून पेटवून द्यायचं. अर्ध्या-पाऊण तासानं मडक्यावर पाणी शिंपडायचं. पाणी चुरचुरत चटकन सुकलं की पोपटी झाली. ही बोरिवलीच्या रानात करायची, असा वडिलांचा बेत. एकदा त्यांनी गावाहून शेंगा मागवल्या, मडकं घेतलं, आणि दहिसर नदीच्या कोरड्या पात्रात दगडांच्या आडोशाला सगळं मांडलं. वनरक्षक आला. तो आमच्याच बाजूचा निघाला, मडक्याकडे बघून त्याला भांबुर्डा कुठून आणला तेही विचारावंसं वाटलं. पण जाळ करू दिला नाही. सुकलेलं गवत कंबरभर उंच, एक ठिणगी पुरे. वडिलांनी वाद घातला नाही. शेंगा परत आल्या आणि रात्री चाळीच्या गॅलरीत कुकर नसलेल्या घराच्या पातेल्यात उकडल्या गेल्या. पोपटीची चव आली नाही, हे कबूल करायला मात्र वडील कधी तयार झाले नाहीत.

बहुतेक वेळा आमचं बस्तान नदीकाठीच पडायचं. फाटकापासून कान्हेरी सहा-सात किलोमीटर, लहान पोरं घेऊन चालायचं म्हणजे जाऊन-येऊन दिवस संपला. पुढे रविवारी स्टेशनवरून लेण्यांपर्यंत बस जायला लागली, तेव्हा आमची कान्हेरी नेमाची झाली. लेण्यांत आईला मूर्तींपेक्षा पाण्याचं कौतुक जास्त. शंभराहून अधिक लेणी, आणि बहुतेक प्रत्येकाच्या दाराशी खडकात खोदलेली पाण्याची पोढी. डोंगराच्या माथ्यापासून कातळात पन्हळी कोरलेल्या, पावसाचं पाणी त्यांतून घरंगळत पोढीत उतरतं. भिक्षूंना पावसाळ्यात साठवलेलं पाणी उन्हाळ्यापर्यंत पुरवायचं होतं. शिलालेखांत कल्याण, सोपारा, चौल इथल्या व्यापाऱ्यांची आणि सोनारांची नावं आहेत. कुणी लेणं दिलं, कुणी पोढी खोदून दिली, कुणी भिक्षूंच्या चिवरासाठी कायमची ठेव ठेवली. तळमजल्यावरच्या नळासाठी पहाटे बादल्यांची रांग लावणाऱ्या बाईला यातलं काय भिडणार ते उघड आहे. आई पोढीत वाकून बघायची आणि म्हणायची, ‘दारात पाणी, अन् भांडायला शेजारीण नाही.’ त्या डोंगरात माणसं ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकापासून हजारेक वर्षं राहिली ती या पोढ्यांच्या जोरावर. इंग्रजांनी तलाव बांधले तेही त्याच पावसावर. मला हे एकाच गोष्टीचे दोन अध्याय वाटतात, पाठ्यपुस्तकात मात्र ते वेगवेगळ्या इयत्तांत येतात.

हिवाळा सरताना महाशिवरात्रीला कान्हेरीची गर्दी बघण्यासारखी. बौद्ध लेणी, पण लोक देवदर्शनाला यावं तसे येतात. पांडवांनी एका रात्रीत डोंगर कोरला, असं सांगणारी एखादी आजी हटकून भेटते. तिला दुरुस्त करायला जाऊ नये.

१९८२ चा हिवाळा वेगळा गेला. १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. पहिल्या महिन्यात सगळ्यांना वाटत होतं, होळीपर्यंत मिटेल. त्या दिवसांत चाळीतली बरीच बिऱ्हाडं बोरिवलीला येऊन गेली, एरवी कधी न येणारीही. माणसं रिकामी होती, पोरांना काहीतरी दाखवायचं होतं, आणि शिल्लक अजून संपली नव्हती. वडील रात्रपाळीविना आलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. गाडीत ते झोपले नाहीत, सगळी स्टेशनं बघत बसले. पुढच्या हिवाळ्यात कुणी आलं नाही. काही बिऱ्हाडं तोवर गावी परतली होती.

बाकीचं तसं सर्वांना माहीत आहे. ‘वनराणी’ ही छोटी आगगाडी आणि सिंह-वाघांची सफारी यांनी रानाच्या दाराशी बाग तयार केली आणि गर्दी तिथेच थबकली. मला त्यात तक्रार नाही. आमच्यासारख्यांना आतला रस्ता मोकळा मिळाला. उच्च न्यायालयाच्या १९९७ च्या आदेशानंतर हद्दीतल्या झोपड्या हटवल्या गेल्या. रान वाचवण्याची किंमत या वेळी कुणी मोजली, हे त्या काळात माझ्या वर्गातली रिकामी बाकं सांगायची. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळानं वनराणीचे रूळ उखडले.

या सगळ्यात जे मुळापासून इथे आहेत ते वारली. नवापाडा, रावणपाडा असे त्यांचे पाडे उद्यानाच्या आत आहेत, वाघोबाची ठाणी आहेत. ज्या नियमांमुळे आमचा रविवार स्वस्त झाला तेच नियम त्यांच्या सरपणाला आणि घराच्या डागडुजीला आडवे येतात. हिवाळ्यात पाड्यांवरच्या बाया रस्त्याकडेला टोपल्या घेऊन बसतात. बोरं, आवळे, काकडी, पेरूच्या फोडी आणि पळसाच्या पानावर तिखट-मीठ. लहानपणी आम्हाला प्रत्येकी एक वाटा मिळायचा, तिकिटानंतरचा तेवढाच खर्च. आई त्यांच्याशी घासाघीस करायची नाही. बाजारात मात्र पैशापैशासाठी भांडायची.

गेल्या पौषात सून आणि नातवंडांबरोबर गेले होते. सुनेनं आवळ्यांचा वाटा उचलला, भाव विचारला आणि सवयीनं निम्म्यावर मागितला. टोपलीवाली माझ्याच वयाची असेल. तिनं आवळे परत टोपलीत टाकले नाहीत, रागावलीही नाही. म्हणाली, ‘गेटावर तिकीट काढलंस, तिथं भाव केलास का गं?’

सुनेनं पूर्ण पैसे दिले. वर बोरांचा एक वाटा घेतला.