सुरखी
सुरखी : भाजलेल्या विटा, कौले किंवा खापरे दळून केलेली लालसर भुकटी. नुसत्या पाण्यात ती घट्ट होत नाही. ओलाव्यात चुन्याची जोड मिळाली की मात्र सावकाश दगडासारखी होते. पाडकामाच्या राडारोड्यातला जो भाग सिमेंटची जागा काही अंशी खरोखर घेऊ शकतो, त्यात विटांच्या या भुकटीचा मान पहिला.

रोमन वास्तुविद व्हिट्रूव्हियस याने इ. स. पू. पहिल्या शतकात नदीच्या वा समुद्राच्या वाळूत एक तृतीयांश चाळलेली खापरांची भुकटी घालावी, असे लिहून ठेवले आहे. भारतात चुना आणि सुरखी बैलाच्या घाणीत मळत. केरळातील मुल्लपेरियार धरण (१८९५) आणि म्हैसूरजवळचे कृष्णराजसागर (काम सुरू १९११) याच मसाल्यात बांधलेली आहेत. अशा मोठ्या कामांची गरज फुटक्या विटांवर भागत नसे, त्यासाठी माती मुद्दाम भाजत. तेव्हा सुरखी म्हणजे केवळ टाकाऊचा उपयोग, असे समजणे बरोबर नाही.

वीट साधारण ६०० ते ९०० अंश सेल्सिअसला भाजली की मातीतील खनिजांची स्फटिकरचना मोडते व सिलिका आणि ॲल्युमिना क्रियाशील होतात. सिमेंट पाण्याशी संयोग पावताना कॅल्शियम हायड्रॉक्साइड सुटते; त्याच्याशी ही द्रव्ये संयोग पावून आणखी बंधक द्रव्य तयार करतात. ज्वालामुखीच्या राखेचा गुणही हाच, म्हणून अशा पदार्थांना पोझोलाना म्हणतात. ही क्रिया मंद असल्याने सुरुवातीची ताकद कमी भरते. काँक्रीटवर पाणी मारण्यात कसूर झाली तर ही उणीव पुढेही भरून निघत नाही. अति भाजलेली झामा वीट पुन्हा स्फटिकमय झाल्याने फारशी उपयोगाची नसते. भुकटी सिमेंटसारखी बारीक हवी. सामान्यतः १० ते २० टक्के सिमेंट तिने बदलता येते; त्यापुढे पाणी जास्त लागते आणि ताकद घटते.

जुन्या काँक्रीटच्या भुकटीचे तसे नाही. तिच्यात बहुतांशी खडी-वाळूचीच पूड असते आणि मुरलेले सिमेंट आधीच संयोग पावलेले असते. ते तापवून पाणी काढले, तर थोडी बंधकशक्ती परत येते. पण त्यासाठी इंधन जाळावे लागते. युरोपने २०२३ च्या ईएन १९७-६ या मानकाने अशा भुकटीला सिमेंटचा घटक म्हणून जागा दिली. भारतात आयएस १४८९ (भाग २) या मानकानुसार भाजलेल्या मातीचे १० ते २५ टक्के मिश्रण सिमेंटमध्ये चालते.

खरी अडचण रसायनापेक्षा पाडकामात आहे. विटा, गिलावा, लाकूड आणि जिप्समचे फलक एकाच ढिगात पडतात. जिप्सममधील सल्फेट काँक्रीटला घातक असल्यामुळे जागेवरच वेगळे न केलेल्या ढिगातून विश्वासार्ह सुरखी मिळत नाही. राडारोडा प्रक्रिया केंद्रांतून म्हणूनच मुख्यतः खडी, वाळू आणि पेव्हर ब्लॉक बाहेर पडतात. त्या खडीसाठीही आयएस ३८३ (२०१६) ची मर्यादा आहे : एम-२५ प्रतीपर्यंतच्या प्रबलित काँक्रीटमध्ये जुन्या काँक्रीटची जाड खडी २० टक्क्यांपर्यंतच चालते.