एफसी पुणे सिटी : पाच हंगामांची क्रमवारी

एफसी पुणे सिटी हा क्लब इंडियन सुपर लीगमध्ये २०१४ ते २०१९ या काळात पाच हंगाम खेळला आणि बंद झाला. २०१९ साली त्याची जागा हैदराबादच्या संघाने घेतली. बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात या संघाचे सामने पाहिलेले प्रेक्षक आजही आपापला आवडता हंगाम सांगतात. कुणाला पहिल्या वर्षीचा डेव्हिड ट्रेझेगे आठवतो, कुणाला चौथ्या हंगामातला मार्सेलिन्हो. त्या आठवणी खऱ्याच आहेत, पण त्यांवरून हंगामांची क्रमवारी लावता येत नाही. त्यासाठी कागद लागतो. पाचही हंगामांच्या अंतिम गुणतालिका आणि सामन्यांचे निकाल आज उपलब्ध आहेत. त्यांच्या आधारे कोणता हंगाम सरस, कोणता कमकुवत, हे किती खात्रीने सांगता येते ते येथे पाहू.

आधी साधनांची पारख. साखळी स्पर्धेच्या तालिकेची एक सोय अशी की जमाखर्चाच्या वहीप्रमाणे तिच्या दोन्ही बाजू जुळाव्याच लागतात. एका संघाने केलेला गोल दुसऱ्या कुणावर तरी झालेला असतो. २०१४च्या तालिकेत चेन्नईचे २४, गोव्याचे २१, कोलकाता आणि दिल्लीचे प्रत्येकी १६, पुणे आणि मुंबईचे प्रत्येकी १२, नॉर्थईस्टचे ११ आणि केरळचे ९, असे एकूण १२१ गोल होतात. स्वीकारलेल्या गोलांचा रकाना वेगळा बेरजेला घेतला तरी १२१च येतात. विजय ३६, पराभव ३६. एकूण ५६ सामन्यांपैकी २० बरोबरीत सुटले. निकाली सामन्यात तीन आणि बरोबरीत दोन गुण वाटले जातात, म्हणजे सर्व संघांचे मिळून १४८ गुण व्हायला हवेत, आणि तेवढेच होतात. पुढच्या चार तालिकाही याच कसोटीला उतरतात. त्यांतल्या गोलांच्या बेरजा अनुक्रमे १७१, १३४, २४७ आणि २४० अशा दोन्ही रकान्यांत सारख्या आहेत. म्हणून या आकड्यांवर विसंबायला हरकत नाही.

आता पुण्याच्या पाच ओळी.

२०१४ : १४ सामने, ४ विजय, ४ बरोबरी, ६ पराभव. गोल १२, विरोधात १७. गुण १६, आठ संघांत सहावा. प्रशिक्षक फ्रँको कोलोंबा.

२०१५ : १४ सामने, ४ विजय, ३ बरोबरी, ७ पराभव. गोल १७, विरोधात २३. गुण १५, आठ संघांत सातवा. प्रशिक्षक डेव्हिड प्लॅट.

२०१६ : १४ सामने, ४ विजय, ४ बरोबरी, ६ पराभव. गोल १३, विरोधात १६. गुण १६, आठ संघांत सहावा. प्रशिक्षक अँटोनिओ हाबास.

२०१७-१८ : १८ सामने, ९ विजय, ३ बरोबरी, ६ पराभव. गोल ३०, विरोधात २१. गुण ३०, दहा संघांत चौथा. प्रशिक्षक रांको पोपोविच.

२०१८-१९ : १८ सामने, ६ विजय, ४ बरोबरी, ८ पराभव. गोल २४, विरोधात ३०. गुण २२, दहा संघांत सातवा. मिगेल आंखेल पोर्तुगाल यांच्यापासून सुरुवात, हंगामादरम्यान बदल आणि शेवटी फिल ब्राउन.

या ओळी जशाच्या तशा शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. पहिल्या तीन हंगामांत आठ संघ होते आणि प्रत्येकाला १४ सामने. बंगळूर आणि जमशेदपूर आल्यावर संघ दहा झाले आणि सामने १८. आठांतला सातवा आणि दहांतला सातवा यांत अंतर आहे. म्हणून पहिले माप दर सामन्यामागचे गुण. २०१७-१८मध्ये ते १.६७ भरतात, २०१८-१९मध्ये १.२२, २०१४ आणि २०१६मध्ये १.१४, तर २०१५मध्ये १.०७.

दुसरी अडचण गोलांची. २०१४मध्ये १२ आणि २०१५मध्ये १७ गोल पाहून आक्रमण सुधारले असे कुणीही म्हणेल. पण २०१४मध्ये संपूर्ण साखळीत दर सामन्याला सरासरी २.१६ गोल झाले होते, २०१५मध्ये ३.०५. गोल सगळ्यांचेच वाढले होते. लीगच्या सरासरी संघाने २०१४मध्ये १५ गोल केले आणि २०१५मध्ये २१. त्या सरासरीशी पुण्याचे प्रमाण काढले तर पहिल्या वर्षी ७९ टक्के आणि दुसऱ्या वर्षी ८० टक्के येते. २०१६मध्ये ते ७८ टक्के आहे. तीन वर्षांत तीन प्रशिक्षक आले, नामांकित परदेशी खेळाडू आले आणि गेले, पण गोल करण्याची ताकद लीगच्या चार पंचमांशावरच राहिली. ही गोष्ट तालिकेत सहज दिसत नाही. शेजारच्या सात ओळी सोबत वाचल्या तरच ती हाती लागते.

एकट्या सामन्याचा भार किती असतो, तेही येथे पाहण्यासारखे आहे. १८ ऑक्टोबर २०१४ रोजी मुंबई सिटीने पुण्याला ५-० असे हरवले आणि आंद्रे मोरित्झने या लीगमधली पहिली हॅट-ट्रिक नोंदवली. मुंबईने त्या साखळीत एकूण १२ गोल केले, त्यांतले पाच या एकाच संध्याकाळी. पुण्याचे उरलेले १३ सामने वेगळे काढले तर गोल १२ आणि विरोधातही १२. म्हणजे उणे पाचचा संपूर्ण गोलफरक एका सामन्यातून आला आहे. तो सामना झाला आहे, तेव्हा हिशेबातून तो वगळता येणार नाही. पण २०१४चा संघ सातत्याने मार खाणारा होता, हा निष्कर्ष मात्र टिकत नाही.

हीच कसोटी २०१७-१८ला लावू. डिसेंबर २०१७मध्ये पुण्याने नॉर्थईस्टचा ५-० असा पराभव केला. तो सामना बाजूला ठेवला तरी १७ सामन्यांत २५ विरुद्ध २१ असा गोलफरक अधिकच राहतो. पाच हंगामांत गोलफरक अधिक असलेला हा एकच हंगाम. गोल करण्यात गोवा आणि बंगळूर यांच्यानंतर पुणे तिसरे होते, गोल रोखण्यात चौथे. आक्रमण लीगच्या सरासरीच्या १२१ टक्के आणि स्वीकारलेले गोल सरासरीच्या ८५ टक्के. दोन्ही अंगांनी पुणे सरासरीहून सरस ठरले ते याच वर्षी. आघाडीला उरुग्वेचा एमिलियानो आल्फारो आणि ब्राझीलचा मार्सेलिन्हो होते. मार्सेलिन्हो त्याआधीच्या हंगामात दिल्लीकडून लीगचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला होता. पुण्याचे ३० गुण तिसऱ्या क्रमांकाच्या गोव्याइतकेच होते आणि पाचव्या जमशेदपूरपेक्षा चार जास्त. क्लब पहिल्यांदाच उपांत्य फेरीत गेला. ७ मार्च २०१८ रोजी बालेवाडीत बंगळूरशी गोलशून्य बरोबरी झाली. ११ मार्चला बंगळूरला सुनील छेत्रीच्या हॅट-ट्रिकमुळे पुणे ३-१ असे हरले. साखळीत ४० गुण मिळवणाऱ्या संघाकडून हा पराभव झाला. त्याने या हंगामाचे मोल कमी होत नाही.

पहिला क्रमांक असा निर्विवाद आहे. शेवटचाही जवळपास तसाच. दर सामन्याचे गुण, दर सामन्याचा गोलफरक, लीगच्या सरासरी गुणांपासूनचे अंतर आणि चौथ्या क्रमांकापासूनचे दर सामन्यामागचे अंतर, या चारही मापांनी २०१५ तळाला जाते. केलेल्या आणि स्वीकारलेल्या गोलांचे गुणोत्तर काढले तरच २०१४ त्याच्या खाली येते, आणि त्याचे कारण तो ५-०चा सामना.

खरा पेच मधल्या तीन हंगामांचा. गुणांनी मोजले तर २०१८-१९ पुढे. पण त्या वर्षी पुण्याने ३० गोल स्वीकारले, त्याहून जास्त फक्त तळाच्या चेन्नईने. आक्रमण बरोबर लीगच्या सरासरीइतके, २४ गोलांचे. बचाव मात्र पाचही हंगामांत सर्वांत कमकुवत. गोलफरकाने मोजले तर २०१६ पुढे, दर सामन्याला उणे ०.२१, हाबास यांच्या संघाने लीगच्या सरासरीहून कमी गोल स्वीकारले. उपांत्य फेरीपासूनचे अंतर पाहिले तर २०१४ पुढे. तेव्हा चौथा संघ फक्त तीन गुण दूर होता. २०१६मध्ये तो चार गुण दूर होता आणि २०१८-१९मध्ये सात.

तीन मापे आणि तीन वेगवेगळे मानकरी. अशा वेळी आपल्या आवडीचे माप निवडून निकाल देणे सोपे असते, पण ते इतिहासलेखन नव्हे. फरक किती आहे तेच पाहावे. २०१८-१९चे दर सामन्याचे गुण १४ सामन्यांवर पसरवले तर १७ होतात, बाकी दोन हंगामांचे १६. म्हणजे एका बरोबरीचा फरक. २०१४ आणि २०१६ यांच्या गोलफरकात दोन गोलांचे अंतर आहे. पंचाच्या एका शिट्टीने, गोलखांबाला लागलेल्या एका चेंडूने एवढा फरक सहज पडतो. या तीन हंगामांत क्रम लावण्याइतका पुरावा तालिकांत नाही. त्यांना समान दुसरे स्थान देणे हाच साधार निर्णय.

ही क्रमवारी एका क्लबची आहे, पुण्याच्या फुटबॉलची नव्हे, हेही स्पष्ट करायला हवे. त्याआधी पुणे एफसी हा वेगळा संघ आय-लीगमध्ये खेळत होता. पदार्पणाच्या २००९-१० हंगामात तो तिसरा आला, आणि २०१२-१३मध्ये डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली चर्चिल ब्रदर्सच्या पाठोपाठ दुसरा. देशाच्या साखळीत दुसरा क्रमांक ही एफसी पुणे सिटीला कधीच न साधलेली मजल आहे. स्पर्धा वेगळी, संघसंख्या वेगळी, म्हणून ते आकडे या यादीत मिसळलेले नाहीत.

पुण्याच्या क्लबांपैकी आज पुणे एफसी नाही, भारत एफसी नाही, डीएसके शिवाजीयन्स नाही आणि एफसी पुणे सिटीही नाही. क्लब बंद झाला की त्याचे दप्तर सांभाळणारे कुणी उरत नाही. गुणतालिका टिकतात; संघांच्या याद्या, सामन्यांच्या पुस्तिका, तिकिटे, सराव सामन्यांच्या नोंदी हरवतात. मधल्या तीन हंगामांचा पेच कधी सुटलाच, तर अशाच कागदांतून सुटेल. ज्या पुणेकरांच्या घरी त्यांतले काही असेल, त्यांनी ते रद्दीत देऊ नये. त्यावर तारीख आणि सामना लिहून ठेवावा आणि ते एखाद्या ग्रंथालयाकडे किंवा अभ्यासकाकडे सोपवावे.