रोधांच्या जोडणीचा नियम : एका संकल्पनेचा इतिहास

एकसर जोडणीत रोधांची बेरीज होते आणि समांतर जोडणीत त्यांच्या व्यस्तांकांची, हे आज शालेय पाठ्यपुस्तकातील विधान होय. ६ व ३ ओहमचे दोन रोध एकापुढे एक जोडल्यास ९ ओहम होतात. शेजारी-शेजारी जोडल्यास केवळ २. यांपैकी पहिला नियम सहज आणि दुसरा आडवळणाचा का वाटतो, याचे उत्तर गणितापेक्षा संकल्पनेच्या इतिहासात अधिक सापडते.

गेओर्ग झिमोन ओहम यांनी कोलोन येथे शिक्षक असताना, १८२६ मध्ये, निरनिराळ्या लांबीच्या तारांवर प्रयोग केले. व्होल्टाच्या घटाचा प्रवाह स्थिर राहत नसे. म्हणून पोगेनडॉर्फ यांच्या सूचनेवरून त्यांनी बिस्मथ व तांबे यांचे उष्णताविद्युत् युग्म योजिले. हाती आलेल्या सूत्राच्या छेदस्थानी दोन पदांची बेरीज होती : एक तारेच्या लांबीचे, दुसरे उर्वरित मंडलाचे. एकसर जोडणीचा नियम असा मूळ सूत्राच्या पोटातच होता. १८२७ च्या ग्रंथात तर ओहम यांनी या राशीला ‘परिणत लांबी’ अशा अर्थाचे नाव दिले.

हे नाव विचारात घेण्याजोगे आहे. रोधाला लांबी मानले की लांबीत लांबी मिळविणे ओघानेच येते. समांतर तारा मात्र लांबी वाढवीत नाहीत, जाडी वाढवितात. तेथे बेरीज होते ती वाहून नेण्याच्या क्षमतेची. १८४५ मध्ये क्योनिग्सबर्ग येथे विद्यार्थी असलेल्या किर्खहोफ यांनी संधिबिंदूचा व बंद मंडलाचा असे दोन नियम मांडले. ओहमच्या नियमासह त्यांतून दोन्ही जोडण्या सारख्याच सुलभतेने निष्पन्न होतात. लांबीच्या प्रतिमेची गरज उरत नाही.

या भेदाचे व्यावहारिक मोल १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीट वीजकेंद्रात दिसले. एक दिवा विझला तरी इतर तेवत राहावेत म्हणून एडिसन यांनी समांतर जोडणी स्वीकारली. परंतु दिवे वाढतील तसा एकूण रोध घटून प्रवाह वाढणार, म्हणून प्रत्येक दिव्याची तंतुवात उच्च रोधाची ठेवणे भाग पडले. अन्यथा तांब्याच्या तारांचा खर्च परवडता ना.

मराठी संज्ञांतही ही विषमता उतरली आहे. ‘एकसर’ शब्दात माळेच्या सराचे यथार्थ चित्र आहे. ‘समांतर’ मात्र फसवा आहे : तारा भूमितीच्या अर्थाने समांतर असण्याची आवश्यकता नाही, त्यांची दोन्ही टोके समाईक असली म्हणजे पुरे. अध्यापकाने हा भेद नियमाआधी सांगावा.